सॅन अँटोनियोच्या नदीकाठी

टेक्सास म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते काऊबॉय, तेलाच्या विहिरी आणि मैलोन्‌मैल पसरलेली कुरणं. चित्रपटांनी मनावर कोरलेलं हे चित्र अगदीच खोटं नाही. पण याच टेक्सासच्या दक्षिण भागात सॅन अँटोनियो नावाचं एक टुमदार, रंगीबेरंगी शहर आहे आणि दर डिसेंबरात तिथं एक निराळीच जत्रा भरते. जगाच्या कानाकोपऱ्यांतून हजारो डॉक्टर आणि संशोधक चार दिवसांसाठी इथं उतरतात. विषय एकच : स्तनाचा कॅन्सर.

या पदवीधरांच्या गर्दीत काहीजणी अशाही असतात, की त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर नावापुढं कुठलीच वैद्यकीय पदवी नसते. कुणी शाळेत शिकवते, कुणी ग्रंथपाल आहे, कुणी बँकेतून निवृत्त झाली आहे, तर कुणाला नातवंडं आहेत. बहुतेकींना हा आजार स्वतःला होऊन गेलेला असतो, काहींना अजूनही असतो. आपापल्या गावी त्या रुग्णांचे आधारगट चालवतात. महिन्यातून एकदा चर्चच्या सभागृहात नाही तर वाचनालयाच्या खोलीत दहा-वीस जणी जमतात, आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं शोधायला या बायका सॅन अँटोनियोला येतात.

दोन मजल्यांचं शहर

१३ जून १६९१ रोजी स्पॅनिश मोहिमेतली मंडळी इथल्या नदीकाठी पोहोचली. तो दिवस संत अँथनीच्या सणाचा होता, म्हणून नदीला आणि पुढं गावाला त्याचंच नाव मिळालं. गोव्यात आणि वसईत घरोघरी ज्याची तसबीर दिसते, हरवलेली वस्तू सापडावी म्हणून ज्याला साकडं घातलं जातं, तोच हा संत. १७१८ मध्ये इथं पहिलं मिशन उभं राहिलं आणि वस्ती वाढू लागली. हे मिशन म्हणजेच पुढं जगप्रसिद्ध झालेलं अलामो. त्याच्यासह इथल्या पाच जुन्या मिशन वास्तूंना २०१५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला.

शहराची खरी मौज मात्र नदीत आहे. मधल्या भागात सॅन अँटोनियो नदी रस्त्यांच्या पातळीखाली साधारण एक मजला खोलीवरून वाहते. वर मोटारी, दुकानं, बँका. आणि पंधरा-वीस पायऱ्या उतरलं की एकदम सावली, सायप्रसची उंच झाडं, दगडी कमानींचे पूल आणि संथ हिरवं पाणी. जणू एकाच गावाचे दोन मजले!

ही शोभा आपोआप आलेली नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये या नदीला भयंकर पूर आला आणि पन्नासच्या आसपास माणसं दगावली. त्यानंतर, नदीचं शहरातलं वळण सरळ बुजवून वर रस्ता करावा, असाही विचार पुढं आला होता. त्याला विरोध झाला. रॉबर्ट ह्यूगमन या तरुण वास्तुरचनाकारानं १९२९ मध्ये नदी राखून तिच्या काठानं पायवाटा, पूल आणि दुकानं करण्याचा आराखडा मांडला. महामंदीच्या काळात बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून १९३९ ते १९४१ या वर्षांत तो बराचसा प्रत्यक्षात आला. आज 'रिव्हर वॉक' पाहायला लाखो लोक येतात. ज्या नदीनं माणसं गिळली, तिला बुजवण्याऐवजी समजून घेण्यात शहाणपण होतं.

१९६८ मध्ये इथं जागतिक प्रदर्शन भरलं. त्या वेळचा ७५० फुटी मनोरा अजून दिमाखात उभा आहे. त्याच परिसरात हेन्री बी. गोंझालेझ यांचं नाव दिलेलं भव्य परिषद केंद्र आहे. नदीचा एक फाटा थेट या केंद्राच्या पायथ्याशी आणून सोडला आहे. त्यामुळं सकाळी काठाकाठानं चालत परिषदेला जाता येतं.

सुरुवात एका दिवसाची

१९७८ साली ही परिषद प्रथम भरली तेव्हा ती जेमतेम एका दिवसाची होती. आसपासच्या राज्यांतले शंभर-दीडशे डॉक्टर आले होते. विल्यम मॅग्वायर आणि चार्ल्स कोल्टमन हे तिचे प्रवर्तक. मॅग्वायर यांचं नाव या क्षेत्रात आदरानं घेतलं जातं. गाठीतल्या पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसल्या जातात की नाही, हे तपासून उपचार ठरवण्याची पद्धत रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी जपून ठेवलेल्या गाठींच्या नमुन्यांचाही पुढं फार उपयोग झाला. लॉस एंजेलिसचे डेनिस स्लॅमन आणि मॅग्वायर यांच्या गटानं १९८७ मध्ये दाखवून दिलं, की काही रुग्णांत 'हर-टू' नावाचं जनुक प्रमाणाबाहेर वाढलेलं असतं आणि त्यांचा आजार अधिक आक्रमक असतो. याच शोधाच्या वाटेनं १९९८ मध्ये हर्सेप्टिन हे औषध बाजारात आलं. मॅग्वायर यांना ते पाहता आलं नाही. १९९२ मध्येच त्यांचं निधन झालं होतं.

एका दिवसाची परिषद आज चार दिवसांची झाली आहे. २०२० मध्ये कोविडमुळं ती घरबसल्या पडद्यावर पार पडली, तेवढा अपवाद सोडला तर डिसेंबरातली तिची वारी चुकलेली नाही.

बायका दार ठोठावतात

रुग्णांना अशा परिषदेत सहज प्रवेश मिळाला, असं मात्र नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतही बाईला भूल देत, गाठीचा तुकडा तपासत आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत संपूर्ण स्तन काढून टाकत. शुद्धीवर आल्यावर तिनं छातीवर हात फिरवावा आणि काय झालं ते ओळखावं! मेरीलँडच्या रोझ कुशनर या पत्रकार बाईंना १९७४ मध्ये गाठ आढळली, तेव्हा त्यांनी आग्रह धरला की आधी फक्त तपासणी करा, पुढचा निर्णय मी शुद्धीत घेईन. त्यासाठी त्यांना अनेक डॉक्टरांचे उंबरठे झिजवावे लागले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं या प्रश्नावर तज्ज्ञांची समिती बसवली. तीत डॉक्टर नसलेल्या सदस्य एकट्या कुशनर होत्या. तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी कराव्यात, अशी शिफारस त्या समितीनं केली.

पुढं १९९१ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी काम करणाऱ्या गटांची राष्ट्रीय आघाडी उभी राहिली. संशोधनासाठी सरकारनं पैसा द्यावा, म्हणून या बायकांनी लाखो पत्रं गोळा केली. परिणामी १९९२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून २१ कोटी डॉलर मंजूर झाले. कोणत्या संशोधनाला पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या समित्यांवर काही काळातच रुग्ण स्त्रियाही बसू लागल्या. आधी दयेचा विषय असलेली बाई आता मत देऊ लागली.

या नव्या हक्काबरोबर एक कडू धडाही आला. त्याच सुमारास अतिशय मोठ्या मात्रेची केमोथेरपी आणि अस्थिमज्जा रोपण हा स्तनाच्या कॅन्सरवरचा तारणहार उपाय मानला जात होता. विमा कंपन्यांनी खर्च द्यावा म्हणून रुग्ण कोर्टात गेले, कुटुंबांनी वर्गणी जमवली. १९९९ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि बहुतेकींमध्ये या जीवघेण्या उपचाराचा जास्तीचा लाभ दिसला नाही. लाभ दाखवणारा एक अभ्यास तर दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरनं खोटा रचला होता, हे २००० मध्ये उघड झालं. तेव्हापासून आधारगटाच्या प्रमुखांना एक गोष्ट उमगली : नुसती आशा पुरत नाही, पुरावा वाचता आला पाहिजे.

वर्ग भरतो संध्याकाळी

पुरावा वाचायला शिकवण्याचं काम इथं स्थानिक बायकांनीच अंगावर घेतलं. शहरातल्या रुग्ण स्त्रियांनी सुरू केलेल्या 'अलामो ब्रेस्ट कॅन्सर फाउंडेशन' या स्वयंसेवी संस्थेनं वर्षानुवर्षं देशोदेशीच्या आधारगट प्रमुखांना शिष्यवृत्ती देऊन परिषदेला आणलं आहे. अट एकच : ऐकलेल्यापैकी नेमून दिलेल्या विषयावर सोप्या भाषेत अहवाल लिहायचा आणि आपल्या गावी जाऊन तो सांगायचा.

त्यांचा दिवस पहाटेच सुरू होतो. हातात कॉफीचा पेला, खांद्यावर परिषदेची पिशवी आणि जाडजूड वही. अवाढव्य सभागृहात व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना प्रचंड पडदे असतात. वक्त्याला मोजकी मिनिटं मिळतात, तेवढ्यात दहा वर्षांचं संशोधन सांगून तो खाली उतरतो. शब्द सगळे परके, त्यातून आद्याक्षरांचा नुसता मारा. पहिल्या दिवशी नवख्या बाईच्या वहीत उत्तरांपेक्षा प्रश्नचिन्हंच जास्त असतात.

दुसऱ्या दालनात ओळीनं भित्तिपत्रकं लावलेली असतात. इथं वातावरण मोकळं. पत्रकाशेजारी संशोधक स्वतः उभा असतो, थांबवून विचारता येतं. "तुमच्या चाचणीत सत्तरीच्या पुढच्या किती बायका होत्या?" "औषधानं गाठ लहान झाली खरी, पण त्या बाईला जिना चढता येत होता का?" असे प्रश्न प्रयोगशाळेत कुणी विचारत नाही. तरुण संशोधकांपैकी कितीतरी जण दिवसभर पेशींबरोबर काम करतात. ज्या आजारावर आयुष्य घालवायचं, तो आजार असलेली बाई काहींना इथंच पहिल्यांदा भेटते. शिकवणी अशी दोन्ही बाजूंनी चालते.

संध्याकाळी डॉक्टर मंडळी नदीकाठच्या उपाहारगृहांकडे वळतात, तेव्हा या बायकांचा वर्ग भरतो. काही नामांकित तज्ज्ञ मुद्दाम थांबतात आणि दिवसभरातल्या महत्त्वाच्या निकालांचा अर्थ उलगडून सांगतात. कोणता निकाल उद्यापासून उपचार बदलणारा, कोणता अजून कच्चा, कशाचा नुसताच गाजावाजा. इथं सगळं सरळ विचारायचं. वही हळूहळू भरू लागते.

उतरत्या पायऱ्या

या परिषदेत एक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. डावीकडून उजवीकडं उतरत जाणारी पायऱ्यांची रेघ. वर डाव्या कोपऱ्यात शंभर टक्के, म्हणजे चाचणी सुरू झाली तेव्हाच्या सगळ्या स्त्रिया. जसजसे महिने जातात तसतशी रेघ एकेक पायरी खाली येते. दोन उपचारांच्या दोन रेघा. दोहोंमध्ये जितकं अंतर, तितका एका उपचाराचा फायदा जास्त.

डॉक्टर अंतराकडं बघतात. सभागृहातल्या रुग्ण बाईचं लक्ष पायरीवर जातं. प्रत्येक पायरी म्हणजे कुणाचा तरी आजार उलटला किंवा कुणीतरी गेलं. ज्यांचा आजार हाडांत, यकृतात पसरलेला आहे, अशा बायकाही इथं बसलेल्या असतात. आपल्यासारख्या स्त्रिया सरासरी किती महिने जगल्या, हा आकडा दहा फुटी अक्षरांत पडद्यावर येतो आणि त्यांनी तो वहीत उतरवून घ्यायचा असतो. कारण परतल्यावर तेच तर सांगायचं आहे! बाहेर येऊन दोघी-तिघी काही न बोलता नदीकाठच्या बाकावर बसून राहतात आणि मग पुढच्या सत्राला जातात.

मुंबईहून आलेले निकाल

या व्यासपीठावरून मुंबईचा आवाजही ठळकपणे ऐकू आला आहे. डिसेंबर २०१३ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी एका अवघड प्रश्नाचं उत्तर मांडलं. निदान होतानाच आजार शरीरात इतरत्र पसरलेला असेल, तर स्तनातली मूळ गाठ काढून टाकल्यानं आयुष्य वाढतं का? ३५० स्त्रियांच्या या चाचणीत उत्तर आलं : नाही. शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही गटांतला आयुष्यकाळ जवळपास सारखाच होता. "एकदा गाठ काढून टाका म्हणजे सुटले," असं घरातल्या प्रत्येकाला वाटतं. त्याला हे उत्तर निराश करणारं होतं. पण ज्या बाईच्या हाती थोडेच महिने आहेत तिची एक मोठी शस्त्रक्रिया, तिच्या वेदना आणि कुटुंबाचा खर्च वाचवणारंही होतं. गटात बसून हे सांगायचं तर केवढं बळ लागत असेल!

डिसेंबर २०२२ मध्ये टाटाचेच डॉ. सुदीप गुप्ता यांनी 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकाराबद्दलचा निकाल सादर केला. संप्रेरकविरोधी गोळ्या आणि हर्सेप्टिन यांना दाद न देणारा हा प्रकार भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो. सातशेहून अधिक स्त्रियांवरच्या या चाचणीत नेहमीच्या केमोथेरपीला कार्बोप्लॅटिनची जोड दिली. पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेलं. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत असा लाभ दिसला नाही. महत्त्वाचं म्हणजे कार्बोप्लॅटिन हे जुनं, स्वस्त आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळणारं औषध आहे. लाखांच्या घरातल्या नव्या औषधांच्या गर्दीत ही बातमी आपल्याकडच्या कुटुंबांसाठी मोलाची होती.

त्याच वर्षीचा आणखी एक निकाल तरुण रुग्णांच्या जिव्हाळ्याचा होता. संप्रेरकावर पोसणाऱ्या कॅन्सरमध्ये पाच-दहा वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या काळात मूल होऊ देता येत नाही. 'पॉझिटिव्ह' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत बेचाळीस वर्षांपर्यंतच्या पाचशेहून अधिक स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षं औषध घेतल्यावर मातृत्वासाठी साधारण दोन वर्षं ते थांबवलं. पहिल्या तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ८.९ टक्के होतं. तुलनेच्या गटात ते ९.२ टक्के होतं. म्हणजे थोड्या काळापुरता तरी धोका वाढलेला दिसला नाही. आणि या काळात ३६५ बाळं जन्माला आली! इतक्या पायऱ्यांच्या आलेखांत असा आकडा क्वचितच वाट्याला येतो. तज्ज्ञांनी मात्र लगेच बजावलं, की हा आजार दहा-वीस वर्षांनीही उलटू शकतो, तेव्हा या स्त्रियांवर लक्ष ठेवायलाच हवं.

२०२४ मध्ये मांडलेल्या 'कॉमेट' चाचणीचा तर मूळ आराखडाच रुग्ण स्त्रियांच्या सहभागानं तयार झाला होता. दूधनलिकेच्या आतच बंदिस्त असलेल्या, कमी धोक्याच्या बदलांसाठी लगेच शस्त्रक्रिया हवीच का, हा तिचा प्रश्न. ९५७ स्त्रियांपैकी काहींना नेहमीप्रमाणं शस्त्रक्रिया सुचवली, तर काहींना नियमित तपासणी. दोन वर्षांत प्रत्यक्ष पसरणारा कॅन्सर आढळण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५.९ टक्के आणि तपासणीच्या गटात ४.२ टक्के होतं. दोन वर्षं हा लहान काळ आहे. पण शुद्धीवर येऊन छाती चाचपणाऱ्या बाईपासून "थांबून पाहू का?" असं विचारणाऱ्या बाईपर्यंतचा प्रवास अर्ध्या शतकात झाला, हेही थोडं नाही.

अलामोच्या सावलीत

परिषद केंद्रापासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की अलामो येतं. १८३६ मध्ये मेक्सिकोच्या सैन्यानं तेरा दिवस वेढा घातला आणि ६ मार्चला आतल्या जवळपास सगळ्या लढवय्यांना ठार केलं. 'अलामो विसरू नका' ही आरोळी पुढच्याच महिन्यात टेक्सासच्या विजयाची घोषणा ठरली. उंच शहरी इमारतींच्या मधोमध ही छोटी दगडी वास्तू पाहून पुष्कळांना वाटतं, एवढंसंच का हे?

कॅन्सरलाही लढाईचीच भाषा चिकटली आहे. आपल्या वर्तमानपत्रांतही 'कॅन्सरशी झुंज अपयशी' असं हमखास छापून येतं. आधारगटातल्या कितीतरी जणींना हे शब्द टोचतात. जिचा आजार उलटला, ती काय कमी शूर होती? औषधाला पेशींनी दाद दिली नाही, यात बाईची हार कुठं आली? म्हणून अनुभवी प्रमुख गटात लढाईपेक्षा निवडीबद्दल बोलतात : कोणते उपचार आहेत, प्रत्येकाचा फायदा किती, त्रास किती आणि तुला काय हवं आहे.

भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची आणि सुमारे ९८ हजार मृत्यूंची नोंद जागतिक अंदाजात आहे. आपल्याकडं आजही गाठ लक्षात आल्यावर लाजेनं, भीतीनं, घरच्या कामापायी महिने जातात. इथं प्रश्न नव्या औषधाचा नंतर येतो. "मावशी, आधी दाखवून तर घ्या," असं म्हणणारी शेजारीण आधी लागते.

जाल तेव्हा

डिसेंबरात सॅन अँटोनियोची हवा सुखद असते. दुपारी कोवळं ऊन, रात्री स्वेटर पुरे. मुंबईहून डॅलस किंवा ह्यूस्टनमार्गे इथं पोहोचता येतं. नदीतली होडीची सफर चुकवू नये. निम्म्याहून अधिक वस्ती मेक्सिकन वळणाची, त्यामुळं खाणं चमचमीत. नाताळात घरोघरी होणारे तमाले जरूर चाखावेत. मक्याच्या पिठात सारण भरून, मक्याच्याच सालपटात गुंडाळून उकडलेला हा पदार्थ हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची आठवण करून देतो. सारण बहुधा मांसाचं असतं, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं. 'जुन्या बाजारा'त रंगीत कागदी पताका आणि मातीची भांडी स्वस्तात मिळतात.

परिषद शुक्रवारी संपते. त्या महिन्यातल्या शनिवार-रविवारच्या सुमारास नदीकाठी कागदी पिशव्यांत वाळू घालून, तीत मेणबत्त्या रोवून त्यांच्या ओळीच्या ओळी लावतात. निवारा शोधत निघालेल्या मेरी आणि जोसेफ यांना वाट दिसावी, ही त्यामागची श्रद्धा. झाडांवरून दिव्यांच्या माळा लोंबत असतात, होड्यांतून नाताळची गाणी ऐकू येतात. सामान बांधून झालेल्या आधारगटाच्या प्रमुख अशा वेळी शेवटचा फेरफटका मारायला खाली उतरतात. सोमवारी गावाकडची खोली उघडायची असते, खुर्च्या गोल मांडायच्या असतात. गेल्या खेपेला आलेली एखादी या वेळी नसेलही. पण कुणीतरी नवी आलेली असेल, हातातला अहवाल घट्ट धरून, आणि तिच्यासाठी वहीत काहीतरी लिहून आणलेलं असेल.